बोबडी वाचा आणि घरगुती पाठ

भाद्रपदात घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या गणपतीच्या आरतीत 'फणिवरबंधना' असा एक शब्द येतो. आरती समर्थ रामदासांच्या नावावर आहे. नाशिकजवळच्या टाकळीला त्यांनी बारा वर्षे अनुष्ठान केले असे परंपरा सांगते. थोर नागाचे बंधन ज्याच्या कमरेला आहे असा तो, हा या सामासिक शब्दाचा अर्थ. मराठी घरांत वाढलेल्या कितीतरी मुलांनी मात्र तो 'फळीवर वंदना' असा ऐकला, तसाच म्हटला आणि त्यात काही चुकते आहे अशी शंकाही त्यांना वर्षानुवर्षे आली नाही. केव्हातरी आरतीसंग्रहाचे पुस्तक हाती येते, घरात हशा पिकतो आणि त्या दिवसापासून त्या चुकीची गोष्ट होते. ती पाहुण्यांना सांगितली जाते. ज्याने चूक केली त्याचे केस पिकले तरी दर गणपतीत सांगितली जाते. विशेष असे की ही चूक जवळजवळ सार्वत्रिक असूनही प्रत्येक घराला ती आपल्याच घरची वाटते.

असल्या चुकांना 'गंमत' या सदरात टाकून मोकळे होण्याची आपल्याकडे रीत आहे. त्या गमती आहेत, यात वाद नाही. परंतु त्यांत समीक्षेने विचारावा असा एक प्रश्न दडलेला आहे. एक चुकलेला उच्चार लडिवाळ ठरतो, त्याच जातीचा दुसरा उच्चार अशुद्ध ठरतो. हा निवाडा उच्चाराच्या अंगच्या गुणदोषांवरून होतो, की ऐकणारा कोण आहे यावरून? या प्रश्नाचे उत्तर कुटुंबातील वाग्व्यवहारात जितके स्पष्ट दिसते तितके ते व्याकरणाच्या ग्रंथांत दिसत नाही.

आधी ही चूक कशी घडते ते पाहिले पाहिजे. 'फणिवरबंधना' आणि 'फळीवर वंदना' या दोहोंत सात-सात अक्षरे आहेत. 'ण'च्या जागी 'ळ' आला, दोन्ही मूर्धन्य. 'ब'च्या जागी 'व' आला. दोहोंचा उच्चार ओठांशी निगडित. 'ध'मधील महाप्राण गळून 'द' उरला. एका इकाराची लांबी सोडली तर बाकी सारे जसेच्या तसे. टाळ-झांजांच्या गजरात कानावर येणाऱ्या ध्वनिमालिकेत शब्दांच्या सीमा नसतातच. त्या ऐकणाऱ्याने आखायच्या असतात. मुलाने त्या आखल्या आणि आखताना आपल्या जगातील साहित्य वापरले. फळी त्याच्या ओळखीची आहे. पुष्कळ घरांत देव फळीवरच मांडलेले असतात. वंदना त्याला शाळेतील प्रार्थनेमुळे ठाऊक आहे. समोरच्या मखरातील मूर्तीच्या कमरेला नाग त्याला बहुधा दिसलेला नसतो. 'फळीवर वंदना' हा पाठ त्याच्या घराशी, त्याच्या देवाशी आणि त्या क्षणी तो करत असलेल्या कृतीशी मूळ शब्दापेक्षा अधिक जुळतो. याला न ऐकणे म्हणता येणार नाही. हे अर्थनिर्णयन आहे आणि तेही पुरेसे शिस्तबद्ध.

त्याच आरतीतील 'संकटी' या शब्दाचे 'संकष्टी' होते, तेव्हाही हीच शिस्त दिसते. संकटकाळी धावून येण्याची विनवणी महिन्याच्या संकष्टी चतुर्थीला जोडली जाते. अनिश्चित संकटाच्या जागी पंचांगातील निश्चित तिथी येते. देवाला कधी यायचे ते ठरवून दिल्यासारखे झाले, एवढाच काय तो फरक. मात्र या सर्व उदाहरणांत सर्वांत अर्थपूर्ण चूक विठ्ठलाच्या आरतीतील आहे. 'निढळ' म्हणजे कपाळ. हा शब्द आता 'निढळाचा घाम' या वाक्प्रचारापुरता उरला आहे. कपाळावर आडवा हात धरून दूरवर नजर लावून बसलेला भक्त, असे मूळ चित्र आहे. 'निढळावरी' हे मुलांच्या कानी 'विठ्ठलावरी' होते आणि कपाळावरचा हात विठ्ठलाच्या अंगावर जातो. ज्याची वाट पाहायची तो आधीच हाताशी आहे. विरहाचे चित्र एका अक्षरजुळणीच्या चुकीने भेटीचे झाले. वारकरी परंपरेत दर्शन म्हणजे पायांवर डोके ठेवणे, मिठी मारणे. ज्या मुलाने पंढरपुरात ते पाहिले असेल त्याच्या दृष्टीने हा पाठ चुकीचा कसा म्हणावा, असा प्रश्न पडतो.

इंग्रजीत या प्रकाराला जे नाव मिळाले तेही एका घरातूनच आले. सिल्व्हिया राइट या अमेरिकन लेखिकेने १९५४ साली 'हार्पर्स' मासिकात एक लेख लिहिला. लहानपणी तिची आई तिला बिशप पर्सीच्या संग्रहातील जुने पोवाडे वाचून दाखवीत असे. त्यांपैकी एका स्कॉटिश पोवाड्यात मारल्या गेलेल्या उमरावाला हिरवळीवर निजवले, अशा अर्थाचे शब्द आहेत. मुलीने ते शब्द 'लेडी मॉन्डेग्रीन' असे एका स्त्रीचे नाव म्हणून ऐकले आणि तिच्या कल्पनेत उमराव व ती स्त्री एकत्र मरण पावली. पुढे खरे शब्द कळल्यावर तिला वाईट वाटले, कारण आता तो उमराव एकटाच मेला होता. राइटचे म्हणणे असे की असल्या चुकांचे महत्त्व त्या मुळापेक्षा सरस असण्यात आहे. 'मॉन्डेग्रीन' ही संज्ञा रूढ झाली. तिचे हे म्हणणे मात्र बाजूला पडले आणि संज्ञेखाली केवळ विनोदी उदाहरणांच्या याद्या जमत गेल्या. फ्रॉइडने १९०१ च्या ग्रंथात बोलण्यातील व वाचनातील चुकांमागे दडपलेल्या इच्छा शोधल्या. आरती ऐकणाऱ्या मुलाच्या बाबतीत इतके खोल जाण्याचे कारण नाही. त्याने काही दडपलेले नसते. त्याला जेवढे जग मिळाले आहे तेवढे तो शब्दांना पुरवून वापरतो.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही प्रक्रिया अपरिचित वाटू नये. हस्तलिखितांची नक्कल करणारा लेखक अनोळखी शब्दाच्या जागी ओळखीचा शब्द घालतो. म्हणून दोन पाठांपैकी अवघड पाठ मूळचा असण्याचा संभव अधिक, हे त्या शास्त्राचे एक जुने सूत्र आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९३३ च्या आपल्या प्रस्तावनेत पाठनिर्णयाची जी तत्त्वे मांडली, त्यांतही या सूत्राला स्थान आहे. शंकराच्या आरतीतील 'लवथवती'चे 'लवलवती' होते ते याच नियमाने. लवथवणे हे क्रियापद बोलण्यातून गेले, लवलवणे राहिले. ज्ञानेश्वरीच्या प्रतींत असे किती 'लवलवती' शिरले असतील याची कल्पना एकनाथांना होती. १५८४ साली त्यांनी तिची प्रत शुद्ध केली आणि यापुढे कोणी तीत भर घालू नये अशी ताकीदही देऊन ठेवली. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी निराळ्या जुन्या पोथीवरून वेगळीच ज्ञानेश्वरी छापली आणि शुद्ध कोणती, हा वाद नव्याने उभा राहिला. घरात आरती चुकीची ऐकणारे मूल आणि पोथीची नक्कल करणारा लेखक एकाच कामात गुंतलेले असतात. मात्र लेखकाची चूक सापडली की ती तळटीपेत जाते आणि मुलाची चूक सापडली की ती घराच्या मुख्य संहितेत येते.

या दुसऱ्या प्रकाराला सोयीसाठी 'घरगुती पाठ' म्हणता येईल. त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात मूळ पाठ पुसला जात नाही. ज्या घरात 'फळीवर वंदना' ही कथा झाली आहे त्या घरात सर्वांना 'फणिवरबंधना' ठाऊक असते. नसते तर हसण्याला जागाच उरली नसती. दोन पाठ एकाच वेळी ऐकू येतात आणि त्यांच्यामधील अंतर हाच आनंदाचा विषय असतो. भाषेत एरवी ज्या चुका टिकतात त्या अशा टिकत नाहीत. पोर्तुगीज शब्दाचे 'इस्पितळ' झाले, इंग्रजीतील पायदळाच्या तुकडीच्या नावाचे 'पलटण' झाले. आज हे शब्द उच्चारताना कोणाला मूळ शब्द आठवत नाही. सोस्यूरने लोकव्युत्पत्तीला स्वतंत्र प्रकरण देऊन तिला सादृश्यापासून वेगळे काढले. परंतु व्युत्पत्ती पूर्ण होऊनही चूक चूक म्हणून जपली जाते असा वर्ग त्याच्या विवेचनात नाही. तो असण्याचे कारणही नव्हते. असा शब्द समाजाच्या भाषेत शिरत नाही, तो चार-सहा माणसांत राहतो.

शब्द घराबाहेर गेला आणि मूळ हरवले, याचे एक उदाहरण नाशिकच्या अगदी शेजारचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला इंग्रजी लष्कराचा तळ होता. मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथे राहत. जहाजे हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत, त्यामुळे काहींना महिनोन्महिने थांबावे लागे. काम नाही, ऊन आहे, दारू आहे. अशा स्थितीत माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागला की त्याला देवळालीचा ताप चढला असे म्हणत. शिपायांच्या तोंडी त्याचे 'डूलॅली टॅप' झाले. पुढे तापही गळला आणि नुसते 'डूलॅली' हे वेडसर माणसाचे विशेषण म्हणून इंग्रजीत रुळले. इंग्लंडमधील एखादी आजी नातवाच्या खोड्यांना कंटाळून हा शब्द उच्चारते, तेव्हा ती एका मराठी गावाचे नाव घेत असते हे तिला माहीत असण्याची शक्यता थोडी. उलट दिशेनेही हे घडले आहे. १७७९ साली कार्ल्याच्या लढाईत मारल्या गेलेल्या कॅप्टन जेम्स स्ट्यूअर्टला मराठ्यांनी 'इष्टुर फाकडा' केले. त्यात त्याच्या नावाची मोडतोड झाली खरी, पण त्याच्या शौर्याला एक पदवीही मिळाली. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध कोशाचे 'हॉब्सन-जॉब्सन' हे नावही असेच आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील हसन-हुसेन यांच्या नावांचा शोकघोष गोऱ्या शिपायांनी दोन इंग्रजी आडनावांसारखा ऐकला. ऐकणाऱ्याने दुसऱ्याच्या शोकाचे विदूषकी नाव केले, याकडे कोशाच्या कौतुकात सहसा लक्ष जात नाही.

ही सारी उदाहरणे परक्यांच्या ऐकण्याची आहेत. घरातील ऐकण्याचा सर्वांत सखोल विचार ज्या साहित्यकृतीत झाला ती नातालिया गिन्झबुर्ग यांची १९६३ ची 'लेसिको फामिल्यारे' ही इटालियन कादंबरीवजा आत्मकथा. तूरिनमधील एका ज्यू प्राध्यापकाचे कुटुंब, फॅसिझमचा काळ, तुरुंगवास, लेखिकेच्या पतीचा १९४४ साली रोमच्या कारागृहात झालेला मृत्यू. एवढा मोठा इतिहास त्या पुस्तकात आहे आणि तो सगळा घरातील ठराविक बोलींच्या, आईवडिलांच्या चमत्कारिक शब्दांच्या, पुन्हा पुन्हा सांगितलेल्या फजित्यांच्या आधाराने सांगितला आहे. विखुरलेल्या भावंडांना अंधारातही एकमेकांची ओळख पटवायला त्यांतले एखादे वाक्य पुरेसे आहे, असे लेखिका सुचवते. आपल्याकडे या पुस्तकाचा उल्लेख झालाच तर घरगुती शब्दांच्या गोडव्यासाठी होतो. पण त्या गोडव्याला एक कडवट कड आहे आणि लेखिकेने ती लपवलेली नाही. वडील ज्या शब्दाने घरातल्यांच्या गबाळेपणावर तुटून पडतात, त्याची घडण दुसऱ्या वंशाच्या लोकांना हिणवण्यातून झालेली आहे. घरगुती शब्दकोशही निरागस नसतो. कोण आपले आणि कोण परके, हे तोही शिकवतो.

येथे भारतीय परंपरेतील दोन टोके आठवतात. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभीच सांगितले आहे की 'हे अरयः' असे म्हणायच्या ठिकाणी 'हेलयः' म्हणणाऱ्या असुरांचा पराभव झाला. 'र'च्या जागी 'ल' म्हणणारी जीभ लहान मुलाची असते. पण असुरांच्या तोंडी ती म्लेच्छपणाची खूण ठरली. त्याच्याच जोडीला त्वष्ट्याची कथा येते. इंद्राला मारणारा पुत्र त्याला हवा होता. स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला आणि इंद्र ज्याला मारील असा वृत्र जन्मला. बापाच्या उच्चारदोषाने पुत्र गेला. एका साधुशब्दाचे अनेक अपभ्रंश असतात हे सांगताना पतंजली 'गौः' या शब्दाची गावी, गोणी, गोता, गोपोतलिका ही रूपे देतो. ती त्या काळी लोक घराघरांत गायीला मारीत असलेल्या हाका असणार, हे वाचताना सहज विसरायला होते.

दुसरे टोक ज्ञानेश्वरांचे. ज्यांच्या गुरूंची समाधी नाशिकच्या पंचक्रोशीत, त्र्यंबकेश्वरी आहे, त्या ज्ञानेश्वरांनी १२९० साली आपल्या ग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात श्रोत्यांपुढे एक दाखला ठेवला: मूल बोबडे बोलले तर आईबापांना अधिकच संतोष होतो, तो त्यांचा स्वभावच आहे. हा केवळ विनयाचा अलंकार म्हणून सोडून देण्यासारखा नाही. संस्कृतातील अर्थ देशी भाषेत आणणारा कवी आपली भाषा अपभ्रष्ट ठरणार हे जाणतो आणि त्या निवाड्याचे न्यायालयच बदलतो. व्याकरणाच्या सभेत जो दोष आहे तो तो मायबापांच्या अंगणात नेऊन ठेवतो. उच्चार तोच राहतो, ऐकणाऱ्याचे नाते बदलते आणि नाते बदलताच दोषाचा संतोष होतो. मराठी वाङ्मयाच्या उगमाशीच घरगुती पाठाचे हे तत्त्व उभे आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

परंतु मायबाप सर्वांना सारखे लाभत नाहीत. मूल 'चप्पल'चे 'पच्चल' करते, तेव्हा वर्णांची अदलाबदल होते आणि घर कौतुकाने तो शब्द उचलते. 'नुकसान'चे 'नुस्कान', 'मतलब'चे 'मतबल' यांतही वर्णांची तीच अदलाबदल आहे. शेतातून आलेला माणूस 'नुस्कान' म्हणतो, तेव्हा मात्र कोणी त्याला जवळ घेत नाही. याहून बोलका दाखला खुद्द या शहराच्या नावात आहे. पांडवलेण्यांतील प्राकृत लेखांत 'नासिक' असे रूप आहे. मराठीत इकारापूर्वीचा 'स' पुष्कळदा 'श' होतो. सिध्‌वरून शिजणे, सीव्‌वरून शिवणे, सिन्दूरवरून शेंदूर. ज्यूल ब्लॉक यांनी आपल्या मराठीविषयक ग्रंथात अशा बदलांची व्यवस्था लावलेली आहे. 'नाशिक' याच नियमाने झाले. मूळ 'स' गमावला म्हणून या शहराला कोणी हसत नाही; सरकारी पाट्यांवर तेच नाव दिमाखाने आहे. उलट, 'शाळा' या शब्दाला कोणी 'साळा' म्हटले की वर्गात हशा होतो. वास्तविक महाराष्ट्री प्राकृतात तिन्ही ऊष्म वर्णांच्या जागी एकटा 'स' होता आणि 'साला' हेच रूप होते. 'साळा' हा त्याचा सरळ वंशज आहे. प्रमाण मानलेली 'शाळा' हे रूप अर्धे प्राकृत व अर्धे संस्कृत आहे. 'ळ' लोकांकडून आलेला, 'श' पंडितांकडून परत आणलेला. 'स'चा 'श' झाला तर नियम आणि 'श'चा 'स' झाला तर अडाणीपणा, या न्यायाला भाषाशास्त्रात आधार नाही. तो समाजशास्त्रात शोधावा लागतो. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम आणि १९७२ साली त्यांत पडलेली भर ही लेखनापुरती आहेत, उच्चारांसाठी नाहीत. शाळेत हा भेद बहुधा पाळला जात नाही.

चुकीचे ऐकण्यासाठीसुद्धा आधी ऐकण्याच्या टप्प्यात असावे लागते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. 'फळीवर वंदना' म्हणणारे मूल देवासमोर, मोठ्यांच्या मांडीला मांडी लावून बसलेले असते. गौतमधर्मसूत्राने वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानासाठी जी शिक्षा सांगितली ती सर्वपरिचित आहे. नाशिकला २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढे काही वर्षे चालला, तो दर्शनाच्या हक्कासाठी. पण दाराबाहेर ठेवलेल्या माणसाला आरतीही भिंतीपलीकडूनच ऐकावी लागते. त्याच्या कानी काय पडले असेल आणि त्याने त्याचा काय अर्थ लावला असेल, याच्या गमतीदार गोष्टी कोणत्याही दिवाणखान्यात सांगितल्या जात नाहीत. कुमुद पावडे यांच्या 'अंतःस्फोट' (१९८१) मधील संस्कृत शिकण्याची कहाणी या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. दलित मुलीने संस्कृत चुकीचे उच्चारले असते तर ते अपेक्षितच मानले गेले असते. तिने ते बरोबर उच्चारले, हीच अडचण झाली. दया पवारांच्या 'बलुतं' (१९७८) पासून दलित आत्मकथनांनी बोलीतील उच्चार निवेदनात आणले, तेव्हा प्रारंभी समीक्षेने त्यांना 'अस्सल', 'रांगडे' अशी विशेषणे दिली. ती कौतुकाची होती, परंतु त्या कौतुकाची जात 'बोबड्या बोलां'च्या कौतुकाची होती. लेखक प्रौढ होते आणि त्यांची भाषाही.

मराठी रंगभूमीने आणि विनोदी लेखनाने या बाबतीत दीर्घकाळ सोपी वाट धरली. शेरिडनच्या १७७५ च्या नाटकातील मिसेस मॅलाप्रॉप भारदस्त शब्द चुकीच्या जागी वापरते, पण ती निदान वरच्या वर्गातील आहे आणि हसे तिच्या आढ्यतेचे होते. आपल्याकडे इंग्रजी शब्दांची मोडतोड करण्याचे काम नोकर, खेडूत आणि म्हातारी यांच्यावर सोपवले गेले. प्रेक्षक नेहमी बरोबर उच्चार करणाऱ्यांच्या बाजूला बसलेला असे.

याला जो मोठा अपवाद आहे तो नाशिकच्याच मातीतला आहे. जलालपूरला १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. लग्नात माहेरची मनू 'लक्ष्मी' झाली. पुढे ती लिहायला-वाचायला शिकली. आपल्या अजाणतेपणाच्या, गैरसमजांच्या, फजित्यांच्या हकिकती त्या पुस्तकात विपुल आहेत आणि त्या सांगताना कोठेही आर्जव नाही. हसणारी आणि जिला हसायचे ती एकच व्यक्ती आहे. इतरांनी हसण्यापूर्वी स्वतःच हसून टाकण्याचा बचावही त्यात नाही. त्या वेळी आपल्याला असे का वाटले हे त्या नेमके सांगतात आणि मग ती चूक त्या परिस्थितीत किती सयुक्तिक होती ते दिसू लागते. पतीचा उल्लेख त्या 'टिळक' असा करतात. नवऱ्याचे नाव न घेण्याच्या रिवाजात वाढलेल्या पिढीची ती बाई आहे, हे विसरून चालणार नाही. त्या रिवाजात सासऱ्याच्या नावाशी जुळणारा उच्चार असलेल्या रोजच्या वस्तूचेही नाव स्त्रियांना टाळावे लागे आणि त्या जागी दुसरा शब्द घडवावा लागे. हा हेतुपुरस्सर केलेला घरगुती पाठ होय. तेथे गंमत नव्हती, धाक होता. आणि तो मोडण्याची एकच सभ्य जागा म्हणजे उखाणा. कुटुंबातील चमत्कारिक शब्दांचा संग्रह करू पाहणाऱ्याने या शब्दांना वगळले तर त्याच्या हाती घराचे अर्धेच बोलणे लागेल.

अलीकडे हसण्याची दिशा बदलते आहे. एके काळी नातवंडे 'ठेसन' म्हणणाऱ्या आजीला हसत. आता इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या, किंवा परदेशात वाढणाऱ्या नातवंडांच्या मराठीला आजी हसते. परंतु या दोन हास्यांत साम्य नाही. 'ठेसन'चे मूळ घरात कोणालातरी माहीत होते. 'निढळ' म्हणजे काय हे आजीलाही नेमके सांगता येत नसेल, तर 'विठ्ठलावरी' ही चूक आहे हे सांगणार कोण? दोन पाठांपैकी एक गळून पडला की उरलेला पाठ घरगुती राहत नाही. तो नुसता पाठ होतो.

कोशकारांना या शब्दांचे काय करायचे ते कधी ठरवावे लागले नाही. मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) बायकांच्या बोलण्यातील, कुणब्यांच्या तोंडचे, मुलांच्या खेळांतील असंख्य शब्द आहेत आणि त्याबद्दल मराठी भाषा त्याची ऋणी आहे. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने (१९३२-१९३८) प्रांतोप्रांतीची रूपे खुणांसह नोंदली. एखादा शब्द कोकणातला की खानदेशातला, ग्राम्य की काव्यातला, हे तेथे सापडते. तो एका घरात, कोणत्या वर्षापासून, कोणाच्या चुकीमुळे आणि कोणाच्या हसण्यामुळे चालू झाला आणि घरातील कोणते माणूस गेल्यावर बंद पडला, हे नोंदवण्याची खूण अजून कोणी तयार केलेली नाही.